डोरोथीची सवत

मावशींना पोहता येत नव्हतं. हे त्यांनी मला पहिल्याच फोनवर सांगितलं. मी घाबरत घाबरत म्हटलं होतं, "मावशी, एक सांगायचं होतं. मला पोहता येत नाही, सॉरी."

"मला तरी कुठं येते?" पलीकडून उत्तर आलं. "बोट असतेच मुळी पोहायला लागू नये म्हणून. तुला उलट्या होतात का, ते सांग."

उलट्यांबद्दल मला खात्री नव्हती. चोपड्याहून जळगावला जाताना एसटीत कधी झाल्या नव्हत्या, एवढंच सांगितलं.

"जळगावचा रस्ता झेपला म्हणजे लेक मिशिगन झेपेल," त्या म्हणाल्या. "ये शुक्रवारी."

२००६ चा ऑगस्ट होता. डेट्रॉइटजवळच्या एका विद्यापीठात माझं एमएसचं पहिलं वर्ष संपलं होतं. जवळच्या नोव्हाय गावातल्या मराठी मंडळींच्या ईमेल यादीवर गणपतीच्या हॉलपासून वापरलेल्या सोफ्यापर्यंत काहीही येत असे. त्यात एक दिवस हे आलं : "लडिंग्टन ते शार्लव्हॉय बोटीने जायचे आहे. सोबत पाहिजे. बाईमाणूस असावे. दोर ओढण्याइतकी ताकद हवी. बडबड चालेल, पण इंजिनापेक्षा मोठ्याने नको." खाली नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. बोटीवर राहणारी मराठी बाई आमच्या माहितीत एकच होती.

"नागपूरची ती वेडी?" माझी रूममेट म्हणाली. "यार, नवरा गेल्यावर चांगलं घर विकून बोटीत राहायला गेली. नको जाऊस, बुडवेल तुला."

मी का गेले हे मला आजही नीट सांगता येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. मंडळाच्या कार्यक्रमाला गेलं की काकू मंडळी प्रेमाने विचारत, "बाबा काय करतात गं?" मी सांगितलं की क्षणभर शांतता होई, मग कोणीतरी म्हणे, "वा, खूपच कौतुकास्पद," आणि बोलणं दुसरीकडे वळे. त्यात वाईट काही नव्हतं. पण फोनवर उलट्यांची चौकशी करणारी बाई मला जास्त जवळची वाटली, एवढं खरं. पुढे बोटीवर मी आपण होऊन वडिलांचं दुकान सांगितलं तेव्हा मावशींनी मान वर केली. "म्हणजे पंक्चर काढता येते तुला?"

"येतं."

"मग हे इतका वेळ काऊन नाही सांगितलं? मागच्या रबरी होडीची हवा जाऊन राहिली. जा, बघ."

कौतुकास्पद वगैरे काही नाही. मी पंक्चर काढलं आणि त्यांनी मला पोह्यांची दुसरी बशी दिली.

लडिंग्टनच्या धक्क्यावर मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बोटीच्या कडेवर खडूने रांगोळी काढत होत्या. बुटक्या, सलवार-कमीज, त्यावर लाइफ जॅकेट, कपाळावर टिकली आणि डोक्यावर काकांची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, इंजिनाच्या तेलाचे डाग पडलेली टोपी. उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला. वसंतात त्या धक्क्यावर घसरल्या होत्या, तेव्हापासून हातात दोर धरवत नव्हता. म्हणूनच सोबत हवी होती.

बोट जुनी, रुंद आणि संथ होती. किनाऱ्याने कोणी सायकलवर निघालं असतं तर आमच्या बरोबरीने पोचलं असतं. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, डोरोथी. आधीच्या मालकाच्या बायकोचं नाव. बोटीचं नाव बदलणं अशुभ असतं म्हणे, म्हणून काकांनी ते तसंच ठेवलं. काका एका मोटार कंपनीत इंजिनीअर होते. निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी ही बोट घेतली.

"म्हातारपणी सवत आणली माझ्या उरावर," मावशी सांगत. "तीही सेकंडहँड! शनिवार-रविवार तिच्याकडे, सोमवारी माझ्याकडे, आणि सोमवारी बोलायचं काय, तर डोरोथीचा पंप बिघडला. मी पाण्याला भीत होते बाप्पा. धक्क्यावर खुर्ची टाकून बसायची आणि यांना हात करायची."

दोन उन्हाळे असे गेले आणि काका हार्ट अटॅकने गेले. सगळ्यांना वाटलं मावशी बोट विकतील. त्यांनी घर विकलं. त्या हिवाळ्यात बोट चालवण्याच्या वर्गाला नाव घातलं आणि पुढच्या उन्हाळ्यात डोरोथीवर राहायला गेल्या. मे ते सप्टेंबर बोटीत, गावोगाव, आणि बर्फ सुरू झाला की नोव्हायला भाड्याच्या एका खोलीत. "नवरा गेल्यावर दोन सवतींनी भांडायचं कोणासाठी? म्हणून एकत्र राहिलो," असं त्या म्हणत, आणि सुकाणूवर थाप मारत.

बोटीला त्या बोट म्हणत नसत, बिऱ्हाड म्हणत. सकाळी निघायचं झालं की "चला, बिऱ्हाड हलवू." आणि ते खरंच बिऱ्हाड होतं. आतल्या चिमुकल्या स्वयंपाकघरात कुकर होता. शांत बंदरात त्याची शिट्टी झाली की आजूबाजूच्या बोटींतून लोक डोकी बाहेर काढून बघत. धोक्याचा इशारा वगैरे आहे की काय! मावशी खिडकीतून हात हलवून ओरडत, "लंच!" देव्हारा भिंतीला स्क्रूने बसवलेला, आणि त्यातल्या देवांना पट्टे. "लाटेत अन्नपूर्णा एकदा भाजीत पडली होती," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून देवांनाही सीटबेल्ट."

हवामानाच्या रेडिओवर एक यांत्रिक आवाज अखंड बोलत असे. वारा कुठून, लाटा किती फूट, संध्याकाळी वादळ आहे की नाही. मावशी त्याला भटजी म्हणत. सकाळचा चहा टाकला की पहिला प्रश्न, "भटजी काय म्हणतात?" भटजींनी मुहूर्त दिला नाही तर आम्ही जागच्या हलत नसू, मग बाहेर कितीही ऊन असो.

आणि सॉरी. मी प्रत्येक वाक्याच्या आधी सॉरी म्हणते हे मला माहीतच नव्हतं. मावशींच्या पहिल्या तासातच ध्यानात आलं. "सॉरी म्हटलं की भोंगा वाजवायचा," त्यांनी नियम केला. "सगळ्या तळ्याला कळू दे, कोणाची काय चूक झाली ते." पहिल्या दिवशी मी इतका भोंगा वाजवला की शेजारून जाणाऱ्या एका शिडाच्या बोटीने मदत हवी का म्हणून रेडिओवर विचारलं. मावशी माइक उचलून गंभीर आवाजात म्हणाल्या, "नो, थँक यू. शी इज लर्निंग."

आता डब्यांचं सांगते.

मावशींच्या आईला माहेरी जायला कारण लागायचं. सासू कडक. म्हणून माहेराहून निघताना ती मुद्दाम एक स्टीलचा डबा तिथे सोडून यायची. चार महिन्यांनी म्हणायची, "आमचा एक डबा राहिलाय तिकडे, घेऊन येते." नाव घातलेलं भांडं कोणाकडे राहू द्यायचं, हे सासूलाही पटायचं नाही. डबा आणायला ती जायची, आणि येताना दुसरा ठेवून यायची.

मावशींनी हेच या तळ्यावर केलं. लग्नात माहेरून मिळालेले त्यांचे डबे होते, झाकणावर काकांचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. मॅनिस्टी, फ्रँकफर्ट, लीलंड, जिथे जिथे बोट लावायची तिथे त्यांनी एकेक डबा एकेका माणसाकडे ठेवला होता. रिकामा डबा द्यायचा नाही, म्हणून आत लाडू किंवा चिवडा. "पुढच्या वर्षी येईन तेव्हा नेईन," असं सांगायचं, आणि पुढच्या वर्षी न्यायचा नाही. नुसता आहे ना, हे बघायचं.

"डबा मागे राहिला की यावंच लागते," त्या म्हणाल्या. "माणसाचं काय, माणूस विसरते."

त्या वर्षी मात्र आम्ही डबे गोळा करायला निघालो होतो. मुलगी पार पश्चिम किनाऱ्याकडे, रेडमंडला, सॉफ्टवेअरमध्ये होती. तिला दिवस गेले होते आणि आई कायमची राहायला हवी होती. मनगटाने तर आधीच कौल दिला होता. डोरोथी शार्लव्हॉयच्या एका शिक्षक जोडप्याने घेतली होती. त्यांच्या हवाली करायची आणि सरळ विमानात बसायचं. मुलीवर मावशींचा राग नव्हता. रोज संध्याकाळी धक्क्यावरून तिला फोन करून त्या पाय सुजलेत का, काय खाल्लंस, सगळं विचारायच्या. फोन ठेवताना एकदाच म्हणाल्या, "हो गं, सगळं आवरून येते. मागे काही नाही ठेवत."

मग माझ्याकडे बघून, "काय पाहून राहिली? दोर गुंडाळ."

मॅनिस्टीला डबा एका निवृत्त ग्रंथपाल बाईंकडे होता. त्यांनी त्यात बटणं ठेवली होती. मावशी डबा न्यायला आल्यात हे कळल्यावर त्यांनी बटणं एका वाडग्यात ओतली, डबा धुतला, पुसला आणि हातात दिला. मग काही आठवल्यासारखं करून परत घेतला आणि त्यात मूठभर बटणं टाकली. "रिकामा द्यायचा नसतो ना? तुम्हीच सांगितलं होतं." निळी, हाडाची, शंखाची बटणं. आम्ही बंदराबाहेर पडलो तरी मावशींनी तो डबा कपाटात ठेवला नाही. मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बोट हलली की बटणं वाजायची.

फ्रँकफर्टला बेकरीवालीने डबा सुकवलेल्या आंबट चेरींनी भरून दिला, आणि तिथेच भटजींनी आम्हाला अडकवून ठेवलं. वारा पश्चिमेचा, लाटा बंदराच्या भिंतीवरून उडत होत्या. आत बसून आम्ही चेरी खात होतो. तेव्हा मावशी काकांबद्दल पहिल्यांदा सवतीशिवाय बोलल्या.

"यांचं इथे काहीच नाही," त्या म्हणाल्या. "इथे सगळं झालं आणि अस्थी दीर घेऊन गेले नाशिकला. मी म्हटलं मी येते, तर म्हणाले वहिनी, तुम्ही कशाला, तिकडचे कागद बघा. मी पण म्हटलं बरं. तेव्हा काही सुचत नव्हतं." त्यांनी चेरीची बी समजून काहीतरी बशीत टाकलं, पण सुकवलेल्या चेरीत बी नव्हतीच. "आता नाशिकला मी आयुष्यात दोनदा गेलेली. यांचा तर जन्म नागपुरात आणि जीव या तळ्यात. कुठं जाऊन उभं राहायचं यांच्यासाठी, मला कळत नाही. म्हणून फिरत राहिले, झालं."

मी "सॉरी" म्हटलं. मावशींनी भोंग्याकडे बोट दाखवलं. मी उठून वाजवला. त्या वाऱ्यात तो मलाही नीट ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि आम्ही निघालो. उजव्या हाताला वाळूचे प्रचंड डोंगर, उन्हात पिवळे, आणि त्यांच्या पायाशी पाणी इतकं निळं की डोळे दुखावेत. समुद्रासारखं सगळं, फक्त खारा वास नाही. मावशींनी मला सुकाणू दिलं. "ही जरा डावीकडे ओढते. हट्टी आहे. ओढू दे थोडी, मग हळूच आण." त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. आज एखादी चांगली दुपार आठवायची झाली तर मला तीच आठवते. माझ्या हातात काहीतरी मोठं होतं आणि मी कोणाची माफी मागत नव्हते.

लीलंडला मासेमारांच्या जुन्या लाकडी टपऱ्या आहेत. तिथे धक्क्यावर डिझेल भरून देणारे एक म्हातारे गृहस्थ होते. उंच, वाकलेले, बोलणं कमी. काका होते तेव्हा दोघे इंजिनावर तासन् तास बोलत. त्यांच्याकडचा डबा मावशींनी सगळ्यात आधी ठेवला होता, काका गेल्यानंतरच्या पहिल्याच फेरीत. तेव्हा आभाळ भरून आलं होतं, निघायची घाई होती, लाडू वाटेतच संपलेले. "रिकामा कसा द्यायचा? म्हणून डब्यात मेतकूट भरलं," मावशींनी मला वाटेत सांगितलं होतं. मेतकूट म्हणजे काय हे त्या म्हाताऱ्याला सांगायला वेळच नव्हता. झाकणावर काय लिहिलंय म्हणून त्याने विचारलं. 'माझ्या नवऱ्याचं नाव, आणि तारीख,' एवढं सांगून 'मी परत येईपर्यंत सांभाळा' म्हणत त्या निघाल्या होत्या. पुढे दरवर्षी त्या विचारायच्या, "आहे ना?" आणि तो म्हणायचा, "एकदम मजेत आहे, मॅम. गावातली सगळ्यात चांगली जागा दिलीय." त्याच्या टपरीच्या खिडकीत एक बोका झोपलेला असे. मावशींना वाटायचं तो बोक्याबद्दल सांगतोय.

बोट लावताना माझ्या हातून दोर सुटला, तोंडून सॉरी निघालं आणि भोंगा वाजला. मावशी म्हणाल्या, "मी या वेळी न्यायला आले."

म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. "हो," तो म्हणाला. "एक दिवस न्याल हे माहीत होतं." मग तो आत गेला आणि दोन्ही हातांत धरून डबा घेऊन आला. डबा चकाकत होता. पितळ घासायच्या फडक्याने रोज पुसलेला असावा. "मी झाकण कधी उघडलं नाही, मॅम. तो खिडकीत असायचा, तळ्याकडे तोंड करून. रोज सकाळी मी त्याला गुड मॉर्निंग म्हणायचो आणि वारा सांगायचो, लाटा सांगायचो. म्हटलं, बोटीचा माणूस आहे, त्याला कळायला हवं असेल."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "हा काय म्हणून राहिला गं?"

मला कळलं होतं. मी मराठीत, अगदी हळू म्हटलं, "मावशी, यांना वाटतंय की डब्यात काका आहेत. काकांच्या अस्थी."

"मेतकूट आहे त्यात!"

"हो. पण त्यांनी उघडून पाहिलंच नाही ना. वर नाव, खाली एक तारीख, हलवलं की आत भुकटी."

मावशींनी डबा हातात घेतला. हलवून पाहिला. मग बाजूच्या लाकडी खोक्यावर बसल्या आणि पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडावर धरली. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. मला दिसत होतं की त्या हसत होत्या, ओढणीच्या आड, नाक लाल करून. "तीन वर्षांचं मेतकूट," त्या मला कशाबशा म्हणाल्या. "जाळी धरली असेल गं त्याला! किडे झाले असतील! आणि हा त्याला गुड मॉर्निंग…" म्हाताऱ्याला वाटलं बाई रडतेय. तो लगबगीने पाण्याचा पेला घेऊन आला आणि टोपी छातीशी धरून बाजूला उभा राहिला.

तो पाणी घेऊन येईपर्यंत त्या खरंच रडत होत्या.

बोका आला आणि मावशींच्या बुटांचा वास घेऊन गेला. मला भीती वाटत होती की आता मावशी खरं सांगतील. त्या कधीच खोटं बोलत नसत. भाजी बिघडली तर बिघडली म्हणत. डबे सगळे न्यायचे, हेही त्यांनी मुलीला सांगितलेलं होतं.

मावशींनी डोळे पुसले. इंग्रजीत विचारलं, "एव्हरी डे?"

"रोज, मॅम. बर्फातसुद्धा. हिवाळ्यात मी फक्त इतकंच सांगतो की तळं गोठलंय, काही चुकवत नाहीयेस."

मावशी मान डोलावत राहिल्या. झाकणावर बोट फिरवलं. मला वाटलं त्या झाकण उघडणार. अंगठा कडेला लावलासुद्धा होता. घरची बाई, तीन वर्षांचं मेतकूट हातात आहे आणि आत काय झालंय ते बघायचं नाही, हे त्यांना किती जड गेलं असेल ते मी सांगू शकत नाही. मग त्यांनी अंगठा काढून घेतला.

"इथेच राहू दे यांना," त्या मराठीत म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या कोण जाणे. मग उठून डबा त्या माणसाच्या हातात परत दिला आणि इंग्रजीत सांगितलं, "त्रास होणार नसेल तर तुम्हीच ठेवा. मी येईन."

"त्रास कसला," तो म्हणाला. "मला सवय झालीय त्याची."

डिझेल भरून आम्ही निघालो. मावशी मागच्या बाजूला, डोरोथीच्या नावाच्या वर उभ्या होत्या आणि खिडकीकडे हात करत होत्या. काका असताना त्या धक्क्यावर बसून हात करायच्या. आता त्या बोटीत होत्या. मी हे त्यांना म्हटलं नाही. त्यांना सुचलं असावं.

शार्लव्हॉयला शिरताना रस्त्याचा पूल उचलला जातो. गाड्या दोन्ही बाजूंना थांबतात आणि आपण मधून जातो. मावशींना ते फार आवडायचं. "एवढे लोक आपल्यासाठी कधी थांबतात?" त्या दिवशी मात्र त्या वर बघतच नव्हत्या. शिक्षक जोडपं धक्क्यावर उभं होतं, चांगली माणसं, बाईने जेवण करून आणलं होतं. किल्ल्या दिल्या. पंप कधी हट्ट करतो, बोट कशी डावीकडे ओढते, सगळं सांगितलं. देव पिशवीत गेले. कुकर पिशवीत गेला.

शेवटी मावशी म्हणाल्या, "एक मिनिट," आणि परत आत गेल्या. मी दारात होते. त्यांनी सुकाणूवर तळहात ठेवला. "सॉरी गं," त्या म्हणाल्या.

आणि मग हात पुढे करून भोंगा वाजवला. लांब, अगदी लांब.

बटणांचा डबा त्यांनी मला दिला. फ्रँकफर्टचा त्या घेऊन गेल्या, लेकीसाठी चेरी भरून.

त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. नात झाली, फोन व्हायचे. रेडमंडला किती पाऊस पडतो, इथलं पाणी वरून खाली येतं, समोर पसरत नाही, असं त्या सांगायच्या. उन्हाळ्यात यायचं ठरायचं. आधी नात आजारी पडली, मग त्यांचे गुडघे. त्या प्रत्येक वेळी विचारायच्या, "लीलंडला गेली होतीस का?" मी नाही म्हणायचे. शिक्षण, मग नोकरी शोधणं.

२००८ च्या जुलैत मी गेले. ग्रँड रॅपिड्सला नोकरी लागली होती, जुनी का होईना, गाडी घेतली होती, पहिलाच मोकळा शनिवार होता. म्हातारे गृहस्थ अजून डिझेल भरत होते. कानात यंत्र आलं होतं. माझ्याकडे बघून जरा विचार केला आणि म्हणाले, "भोंगेवाली मुलगी!"

डबा खिडकीत होता, तळ्याकडे तोंड करून. शेजारी बोका नव्हता. तो गेल्या हिवाळ्यात गेला, असं त्यांनी सांगितलं. त्याची जागा मोकळी ठेवली होती.

मी तिथूनच मावशींना फोन लावला. तिकडे सकाळ होती, मागे नात काहीतरी आपटत होती.

"कुठून बोलून राहिली?"

"लीलंडहून."

पलीकडची आपटाआपट थांबली. नातीला कोणीतरी उचलून नेलं असावं. मग मावशींनी विचारलं, "भटजी काय म्हणतात?"

टपरीतल्या फळीवर रेडिओ चालू होता. मी फोन त्याच्याजवळ धरला. तोच आवाज, तेच सपाट शब्द. नैऋत्येचा वारा, लाटा दोन फुटांच्या आत, संध्याकाळपर्यंत स्वच्छ. म्हातारबाबांनी काही न विचारता रेडिओ मोठा केला. पूर्ण अंदाज संपून तो परत पहिल्यापासून सुरू होईपर्यंत मी हात तसाच धरून ठेवला.

फोन कानाला लावला तेव्हा मावशी श्वास घेत होत्या, एवढंच ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "आज निघायला हवं होतं बाई. असा दिवस मिळत नाही."

"हो मावशी."

"आणि… जाळी तर नाही ना धरली त्याला?"

"उघडून बघू का?"

धक्क्यावर एक बोट लागत होती, कोणीतरी दोर फेकत होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "हात नको लावू. न्यायला आले की मीच बघेन."

फोन ठेवल्यावर म्हातारबाबांनी विचारलं, "येणार आहेत ना त्या?"

मी आधी सॉरी म्हणणार होते. ओठांवर आलंच होतं. मग खिडकीतल्या डब्याकडे पाहिलं. ऊन झाकणावर पडलं होतं आणि काकांचं नाव स्पष्ट वाचता येत होतं.

"त्यांचं भांडं इथे राहिलंय," मी म्हटलं. "यावंच लागेल."

त्यांनी मान हलवली आणि खिशातून फडकं काढलं.